उघडणे आणि मिटवणे : संगणकाच्या गाभ्यातील एका लहानशा क्रियेचा इतिहास



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ हे व्याख्यान होत आहे त्यांच्या वर्गात मी तीन वर्षे बसलो. बीजगणिताची वही तपासताना ते उत्तर अगदी शेवटी पाहात. आधी पेन्सिलीच्या टोकाने कंस मोजीत. जितके उघडले तितके मिटले की नाही, आणि ज्या क्रमाने उघडले त्याच्या उलट क्रमाने मिटले की नाही, हे त्यांच्या दृष्टीने उत्तराइतकेच महत्त्वाचे असे. एक कंस उघडा राहिला म्हणून बरोबर उत्तराचेही गुण गेलेले माझ्यासारखे अनेकजण या सभागृहात असतील. त्या वेळी हा जुलूम वाटे. पुढे संगणकाच्या व्यवसायात पडल्यावर ध्यानात आले की उघडलेले मिटवणे हाच माझ्या धंद्यातला सर्वांत अवघड भाग आहे.

कार्यवाहांनी विषय विचारला तेव्हा मी सांगितले, ‘संगणकात उघडलेली फाइल सुरक्षितपणे बंद कशी करावी.’ ते क्षणभर गप्प राहिले आणि मग म्हणाले, ‘त्यावर एक तास बोलता येईल?’ या एका क्रियेवर गेली पन्नास वर्षे जाणकार माणसे विचार करीत आली आहेत आणि अजूनही तिच्यात चुका सापडतात. तेव्हा एक तास फारसा जास्त नाही.

प्रथम वस्तू काय आहे ते सांगतो. आपल्यापैकी वडीलधाऱ्यांना बँकेतले पितळी बिल्ले आठवत असतील. धनादेश खिडकीत दिला की कारकून क्रमांक कोरलेला बिल्ला हाती ठेवी. आत खातेवही उघडली जाई, सही ताडून पाहिली जाई, आणि रोखपालाने क्रमांक पुकारला की बिल्ला परत देऊन पैसे घ्यायचे. ग्राहकाला आतल्या खातेवह्या कधी दिसत नसत. त्याचा सारा व्यवहार त्या क्रमांकाशी. संगणकातही तसेच आहे. एखाद्या कार्यक्रमाने फाइल उघडायला सांगितली की ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, ज्याला कर्नल म्हणतात, तो आत सर्व नोंदी करतो आणि कार्यक्रमाच्या हाती फक्त एक लहान पूर्णांक देतो. या पूर्णांकाला फाइल डिस्क्रिप्टर असे नाव आहे. वाचायचे, लिहायचे, ते हा क्रमांक दाखवून. काम संपले की ‘क्लोज’ म्हणून तो परत करायचा.

बँकेत परत आलेला बिल्ला खिळ्याला टांगला जाई आणि पुढच्या ग्राहकाला मिळे. कर्नलही तेच करतो. किंबहुना त्याचा नियम अधिक काटेकोर आहे : रिकाम्या क्रमांकांपैकी सर्वांत लहान क्रमांक नव्या फाइलीला द्यायचा. म्हणजे पाच क्रमांक आत्ता बंद केला, तर पुढच्याच क्षणी उघडणाऱ्या फाइलीला बहुधा पाचच मिळणार. आज मी जे सांगणार आहे त्यातील निम्मा घोटाळा या पुनर्वापरातून उद्भवतो. उरलेला निम्मा एका प्रश्नातून उद्भवतो : मी ही फाइल मिटवतो आहे, पण ती आणखी कोणाच्या हातात आहे काय?

कागदाच्या बाबतीत हा प्रश्न आपल्या पूर्वजांनी चांगला सोडवला होता. मराठेशाहीतील पत्रे ज्यांनी पाहिली असतील त्यांना मजकुराच्या अखेरीचा लहान शिक्का आठवेल. त्याला मोर्तब म्हणत. शिवछत्रपतींच्या पत्रांवर तो ‘मर्यादेयं विराजते’ असा असे. पेशवाईतल्या पत्रांवर ‘लेखनसीमा’ असा आढळतो. मजकूर येथे संपला, यापुढे कोणी ओळ घातली तर ती आमची नव्हे, एवढाच त्याचा अर्थ. ‘शिक्कामोर्तब’ हा शब्द आपण आज सर्रास वापरतो, पण त्यातला मोर्तब हा मिटवण्याचा शिक्का आहे हे सहसा ध्यानात येत नाही. तरीही त्या कारकुनाचे काम सोपे होते. कागद एकच होता आणि तो त्याच्या समोर होता. संगणकात एकच उघडी फाइल एकाच वेळी चौघांच्या हातात असू शकते आणि त्या चौघांना एकमेकांचा पत्ता नसतो.

इतिहासाची सुरुवात युनिक्सपासून करू. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी १९६९ साली ही ऑपरेटिंग सिस्टिम रचावयास घेतली. १९७५ साली तिची सहावी आवृत्ती विद्यापीठांपर्यंत पोचली. ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्स विद्यापीठाच्या जॉन लायन्स यांनी तिच्या गाभ्याचा, म्हणजे सुमारे नऊ हजार ओळींचा, संपूर्ण पाठ छापून त्यावर विद्यार्थ्यांसाठी भाष्य लिहिले. मल्लिनाथाने कालिदासावर टीका लिहावी तसाच हा प्रकार. परवान्याच्या कारणाने ते भाष्य वीसएक वर्षे उघडपणे प्रकाशित होऊ शकले नाही. १९९६ साली ते पुस्तकरूपाने निघाले. तोवर जगभरचे विद्यार्थी त्याच्या छायाप्रतींच्या छायाप्रती वाचीत होते.

त्या सहाव्या आवृत्तीत फाइल बंद करण्याचे काम इतके थोडक्यात उरकले आहे की पहिल्या वाचनात काही हाती लागत नाही. रचना तीन मजली आहे. सर्वांत वर प्रत्येक कार्यक्रमाचा स्वतःचा क्रमांकांचा तक्ता; त्यात अवघ्या पंधरा जागा. मधल्या मजल्यावर साऱ्या यंत्राचा मिळून एक तक्ता, शंभर नोंदींचा. फाइल कुठवर वाचून झाली ते त्यात असते. तळाशी प्रत्यक्ष फाइलीची नोंद. मधल्या नोंदीत एक छोटा आकडा ठेवलेला आहे : ही नोंद किती जणांच्या हातात आहे त्याची गणती. एका कार्यक्रमातून दुसरा जन्मला, की बापाच्या सर्व उघड्या फाइली मुलाकडेही जातात आणि गणती एकाने वाढते. बंद करताना क्रम असा : आधी कार्यक्रमाच्या तक्त्यातील जागा पुसायची, नंतर गणती पाहायची, आपण शेवटचे असलो तरच तळाची फाइल मिटवायची, आणि मग गणती एकाने कमी करायची. शेवटचा जाईल त्याने दिवा मालवावा, तसे.

हा क्रम सुरक्षित होता, पण त्याचे श्रेय निम्मे यंत्राला आहे. पीडीपी-११ या यंत्रात प्रोसेसर एकच होता आणि कर्नलमध्ये शिरलेला कार्यक्रम स्वखुशीने थांबेपर्यंत दुसऱ्या कोणाला आत प्रवेश मिळत नसे. गणती पाहणे आणि ती कमी करणे या दोहोंमध्ये तिसरा कोणी येण्याची सोयच नव्हती. थॉम्प्सन-रिचींना कुलपाची गरज पडली नाही, कारण खोलीत माणूसच एक होता.

आता थोडे स्वतःविषयी. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून आपल्याकडील बँकांच्या शाखांत संगणक येऊ लागले आणि त्यांतील पुष्कळ युनिक्सवर चालत. त्यामुळे आमच्या पिढीतील अनेकांची युनिक्सशी पहिली ओळख विद्यापीठात न होता खातेवह्यांच्या सहवासात झाली. मॉरिस बाख यांचे युनिक्सच्या अंतर्रचनेवरील १९८६ चे पुस्तक स्वस्त भारतीय आवृत्तीत मिळे. माझी प्रत हळदीच्या डागांसह अजून घरी आहे. १९९० च्या दशकाच्या मध्यास इंदुरातल्या एका बँकेच्या व्यापारी पेठेतील शाखेसाठी मी कार्यक्रम लिहीत होतो. बँकेचे नाव सांगत नाही, कारण चूक सर्वस्वी माझी होती.

त्या कार्यक्रमात खाते उघडून पाहणारा एक उपविभाग होता. काम झाल्यावर तो खात्याची फाइल बंद करी. खात्यात काही दोष आढळला तर दोष नोंदवणारा दुसरा उपविभाग चाले, आणि तोही शिस्त म्हणून तोच क्रमांक पुन्हा बंद करी. मला वाटे, बंद केलेले पुन्हा बंद केल्याने काय बिघडते? दार लावलेले असले तरी जाताना एकदा ओढून पाहावे. परंतु या दोन बंद करण्यांच्या मध्ये दैनिक नोंदवहीची फाइल उघडली जात होती, आणि नुकताच मोकळा झालेला चार क्रमांक तिलाच मिळत होता. माझ्या दुसऱ्या ‘क्लोज’ने दैनिक नोंदवही मिटली. पुढे पावती छापण्यासाठी एक तात्पुरती फाइल उघडली, तिलाही चारच मिळाला. दैनिक नोंदवहीसाठी लिहिलेल्या ओळी त्या पावतीच्या फाइलीत गेल्या आणि छपाईनंतर फाइलीसह पुसल्या गेल्या. संगणकाने एकदाही तक्रार केली नाही. त्याच्या दृष्टीने प्रत्येक क्रमांक वैध होता, प्रत्येक लेखन यशस्वी झाले होते.

सायंकाळी ताळमेळ जुळेना. तीन व्हाउचरे हातात आणि नोंद कुठेच नाही. खिडकीवरच्या लिपिकाने नोंद केलीच नाही असे गृहीत धरले गेले. यंत्र चुकत नाही ही त्या काळची श्रद्धा होती आणि ती पसरवण्यात आमचाही हात होता. त्या गृहस्थांना लेखी स्पष्टीकरण द्यावे लागले. असे दोनदा झाले. दोष सापडायला मला अकरा दिवस लागले, कारण तो सदोष खाते आले तरच प्रकटे. एक ओळ खोडली आणि विषय संपला. मी शाखेत जाऊन सर्वांसमोर चूक माझी असल्याचे सांगितले. ते लिपिक एवढेच म्हणाले, ‘साहेब, हे लिहून द्याल का?’ मी लिहून दिले.

असा घोटाळा कार्यक्रम लिहिणाऱ्याच्या अंगणातला. कर्नल स्वतः शाबूत राहतो. तो क्रमांकाबरहुकूम वागतो एवढेच. पण कर्नलच स्वतःच्या घरात अशी चूक करील तर? त्यासाठी खोलीत एकाहून अधिक माणसे यावी लागली, आणि ती आली.

फिनलंडमधील लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ साली सुरू केलेल्या लिनक्सने १९९६ च्या २.० आवृत्तीत अनेक प्रोसेसरांची यंत्रे स्वीकारली. प्रारंभी साऱ्या कर्नलला मिळून एकच मोठे कुलूप होते. जुनी एका माणसाची खोलीच जणू सक्तीने टिकवलेली. ते कुलूप हळूहळू तुकड्यातुकड्यांनी काढीत २०११ मध्ये पूर्ण नाहीसे झाले. दरम्यान एकाच कार्यक्रमात अनेक सूत्रे, ज्यांना थ्रेड म्हणतात, समांतर चालू लागली आणि ती सर्व एकच क्रमांकांचा तक्ता वापरू लागली. आता कल्पना करा : एक सूत्र पाच क्रमांकावरून वाचायला कर्नलमध्ये शिरले आहे, त्याने तक्त्यातून नोंदीचा पत्ता उचलला आहे. त्याच क्षणी दुसऱ्या प्रोसेसरवरील दुसरे सूत्र पाच क्रमांक बंद करते. गणती शून्य होते, नोंदीची जागा मोकळी होते, तिथे दुसऱ्याच कोणाचा मजकूर येतो. पहिल्याच्या हातात मात्र जुना पत्ता आहे. मुक्त केल्यानंतर वापर, असा हा दोष; आणि त्याचा फायदा घेऊन यंत्राचा पूर्ण ताबा मिळवता येतो हे अनेकदा सिद्ध झालेले आहे.

यावर उपाय असा की पत्ता उचलतानाच गणती एकाने वाढवायची आणि काम होताच कमी करायची. वाचणाराही तेवढ्या वेळेपुरता भागीदार होतो. बंद करणारा आला तरी तो शेवटचा ठरत नाही. लिनक्समध्ये या दोन क्रियांना एफगेट आणि एफपुट म्हणतात. उपाय निर्दोष आहे, पण महाग आहे. प्रत्येक लहानसहान वाचनासाठी कुलूप घ्या, गणती वाढवा, कुलूप सोडा, पुन्हा गणती कमी करा. प्रोसेसर वाढले की सगळे त्या एका कुलपापाशी रांग लावतात.

येथे एका भारतीय अभियंत्याचा उल्लेख करणे मला अगत्याचे वाटते. आयबीएमच्या भारतातील गटात काम करणारे दीपंकर सर्मा यांनी २००२ साली आरसीयू नावाची पद्धत लिनक्समध्ये आणण्यात प्रमुख वाटा उचलला आणि २००५ साली तीच पद्धत फाइलींच्या तक्त्याला लावली. पद्धतीचे मूळ पॉल मॅककेनी प्रभृतींच्या आधीच्या कामात आहे. तिचे तत्त्व असे : वाचणाऱ्यांनी कुलूप घेऊच नये, जुनी वस्तू काढणाऱ्याने ती तक्त्यातून तत्काळ हटवावी, पण तिची जागा मोकळी करताना त्या वेळी आत असलेले सगळे वाचक बाहेर पडेपर्यंत थांबावे. पुस्तक यादीतून काढले, तरी वाचनालयात जे आधीच ते वाचीत बसले आहेत ते उठेपर्यंत रद्दीत घालायचे नाही. त्यात एक बारीक जागा उरते. वाचकाने पत्ता उचलला तोवर गणती शून्यावर गेली असेल तर? म्हणून नियम केला की गणती शून्य नसेल तरच वाढवायची. शून्यावर गेलेली नोंद मेलेली समजायची. तिला पुन्हा एक करून जिवंत करायचे नाही.

तरीही गणतीचा खर्च राहिलाच, आणि पुढची युक्ती मला मानवी स्वभावाचे सुंदर उदाहरण वाटते. कोणाच्या तरी ध्यानात आले की कार्यक्रमात एकच सूत्र असेल तर त्याचा तक्ता दुसरा कोणी वापरीतच नाही. मग मध्येच बंद करणारा येणार कोठून? अशा वेळी गणती वाढवायचीच नाही. या हलक्या मार्गाला २०१२ पासून एफडीगेट असे नाव आहे. त्याला अटी जोडलेल्या आहेत आणि त्या मूळ पाठातच लिहून ठेवल्या आहेत : घेतलेली नोंद त्याच कामात परत करा, आणि घेणे व परत करणे यांच्या दरम्यान तीच फाइल बंद करू नका. वाचताना वाटते, असे कोण कशाला करील?

अँड्रॉइड फोनमध्ये एका कार्यक्रमाने दुसऱ्याला निरोप पाठवण्याचे काम बाइंडर नावाचा कर्नलचा भाग करतो. निरोपाबरोबर उघड्या फाइलीही पाठवता येतात. छायाचित्र एका कार्यक्रमातून दुसऱ्यात जाते ते बहुधा असेच. निरोप घेणाऱ्याचे काम झाले की तो बाइंडरला सांगतो, ‘आता ही जागा मोकळी करा’, आणि विशिष्ट प्रकारच्या निरोपाबरोबर आलेल्या फाइली बाइंडर स्वतः बंद करतो. पण हे सांगायचे तरी कसे? बाइंडर हीसुद्धा कार्यक्रमाच्या दृष्टीने एक उघडी फाइलच आहे. तिचाच क्रमांक दाखवून आज्ञा द्यायची. म्हणजे आज्ञा चालू असताना कर्नलने बाइंडरची नोंद हलक्या मार्गाने, गणती न वाढवता, धरलेली आहे. आता पाठवणाऱ्याने निरोपाबरोबर खुद्द बाइंडरचीच फाइल पाठवली असेल तर? मोकळे करण्याच्या आज्ञेत बाइंडर स्वतःला बंद करतो. गणती शून्य होते आणि ज्या फांदीवर बसलो आहोत तीच तुटते.

हा दोष डिसेंबर २०१८ मध्ये गूगलचे टॉड क्योस यांनी दुरुस्त केला. मध्येच बंद करणारा येणार कोठून, या प्रश्नाचे उत्तर असे निघाले की तो बाहेरून येण्याची गरजच नव्हती. एकटा माणूसही स्वतःच्या पायाखालची सतरंजी ओढू शकतो. माझ्या चार क्रमांकाची गोष्ट मला त्या दिवशी आठवली. तिथेही दुसरे कोणी नव्हते.

दुरुस्तीचा विचार पाहण्यासारखा आहे. क्रमांक तक्त्यातून लगेच काढायचा, कारण बंद केलेली फाइल बाहेरच्याला पुन्हा दिसता कामा नये. पण त्याबरोबरच नोंदीची गणती आपल्या हिशेबी एकाने वाढवून ठेवायची. ती कमी करण्याचे काम एका चिठ्ठीवर लिहून ठेवायचे आणि कर्नलमधून बाहेर पडण्याच्या उंबरठ्यावर, म्हणजे हलक्या मार्गाने धरलेले सारे परत केल्यानंतर, ती चिठ्ठी उघडायची. कंसाचा क्रम पुन्हा जुळला : आधी आतला मिटला, मग बाहेरचा.

एक गंमत त्यात राहून गेली होती. चिठ्ठी लिहायला कागद लागतो, म्हणजे थोडी स्मृती लागते. ऐनवेळी स्मृती मिळालीच नाही तर? या दुरुस्तीत अशा वेळी फाइल निमूटपणे उघडीच ठेवली जाते. हा निर्णय योग्य आहे असे माझे मत आहे; उघडी राहिलेली फाइल परवडते, मोकळ्या केलेल्या जागेत घातलेला हात परवडत नाही. पण फाइल बंद करण्यासाठी जागा मागावी लागते ही गोष्ट आमच्या गुरुजींना पटवणे मला जड गेले असते.

अलीकडे रस्ट नावाची भाषा कर्नलमध्ये आली आहे. तिची विशेषता अशी की वस्तू कोणाच्या मालकीची आहे आणि उसनी घेतलेली वस्तू कोठवर जपून ठेवायची, हे ती कार्यक्रम चालण्यापूर्वीच तपासते. अ‍ॅलिस रिल यांनी २०२३ साली बाइंडर या भाषेत नव्याने लिहून पुढे ठेवला आणि २०२५ मध्ये तो लिनक्सच्या मुख्य प्रवाहात दाखल झाला. त्यात लांबणीवर टाकून बंद करण्याची ती चिठ्ठी एक स्वतंत्र वस्तू केली आहे. चिठ्ठीचा कागद आधी मागायचा, मिळाला तरच पुढे बंद करायला निघायचे. नाही मिळाला तर तसे स्पष्ट कळते. हलक्या मार्गाच्या अटी मात्र भाषेने नाहीशा केलेल्या नाहीत. त्या अजूनही कोणीतरी वाचाव्या लागतात.

बाहेरच्या जगातही प्रश्न मिटलेला नाही. ‘क्लोज’ चालू असताना मध्येच अडथळा आला तर क्रमांक बंद झाला की नाही? लिनक्समध्ये तो झालेला असतो. तेथे पुन्हा ‘क्लोज’ करणे म्हणजे नेमकी माझी इंदुरातली चूक, आणि अनेक सूत्रांच्या कार्यक्रमात तर दुसऱ्याच सूत्राची फाइल मिटायची. एचपी-यूएक्समध्ये मात्र तो उघडाच राही आणि पुन्हा बंद करणे आवश्यक असे. दोन्ही ठिकाणी चालणारा एकच बरोबर कार्यक्रम लिहिणे त्यामुळे अशक्य होते. युनिक्सच्या १९८८ पासूनच्या पॉसिक्स मानकाला या वादावर पॉसिक्स-क्लोज नावाची वेगळी क्रिया सुचवायला २०२४ साल उजाडावे लागले.

ते लिपिक पुढे निवृत्त झाले. मी लिहून दिलेला कागद त्यांनी जपून ठेवला होता. काही वर्षांपूर्वी एका लग्नात भेटले तेव्हा त्यांनी त्याचा उल्लेख केला आणि विचारले, ‘तो दोष नक्की काय होता हो?’ पंगत बसायची होती, मला नीट सांगता आले नाही. आज ते या सभागृहात आहेत. तेव्हा राहिलेले सांगून झाले.